यादवी युद्धाचा शेवटचा सैनिक कोण? दावे, पुरावे आणि मानमरातब

दप्तरबंद

अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. त्या युद्धाचा शेवटचा हयात सैनिक म्हणून ज्यांना साऱ्या देशाने निरोप दिला, ते वॉल्टर विल्यम्स १९ डिसेंबर १९५९ रोजी ह्यूस्टनमध्ये वारले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे तेव्हा त्यांचे वय ११७ वर्षांचे होते आणि दक्षिणेच्या, म्हणजे कॉन्फेडरेट, सैन्यात ते जनरल हूड यांच्या टेक्सास ब्रिगेडसाठी दाणावैरण गोळा करण्याच्या कामावर होते. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला आणि ह्यूस्टनमध्ये मोठी अंत्ययात्रा निघाली.

यातली विलक्षण गोष्ट अशी की, हा सारा सन्मान होण्याच्या काही महिने आधी, सप्टेंबर १९५९ मध्ये, लोवेल ब्रिडवेल या पत्रकाराने विल्यम्स यांच्या दाव्याला आधार सापडत नसल्याचे छापून आणले होते. १८६० च्या जनगणनेत मिसिसिपीतील इटावाम्बा परगण्यात त्यांची नोंद आहे आणि तीत त्यांचे वय ५ वर्षे आहे. पुढे १९९१ मध्ये विल्यम मार्वेल या इतिहासकाराने १९५० च्या दशकातील दक्षिणेकडच्या सर्व प्रसिद्ध दावेदारांची कागदपत्रे तपासली, तेव्हा त्यांपैकी एकाचाही दावा टिकला नाही. जॉन सॅलिंग आणि विल्यम लंडी हेही त्यांतच आले. मार्वेल यांच्या मते ज्यांची सेवा कागदोपत्री सिद्ध होते असे शेवटचे कॉन्फेडरेट सैनिक म्हणजे अलाबामाचे प्लेझंट क्रंप. ते ३१ डिसेंबर १९५१ रोजी वारले आणि त्या वेळी आपण शेवटचे आहोत याचा त्यांना किंवा देशाला पत्ताही नव्हता.

मला दोन प्रश्न पडले आहेत. इतक्या जुन्या दाव्यासाठी कोणता पुरावा पुरेसा मानायचा? आणि खोट्या ठरलेल्या माणसाला लबाड म्हणायचे, की त्याच्याभोवती जमलेल्या समाजाला? माझे स्वतःचे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते, परंतु जाणकारांनी लिहावे.

शंकेखोर

१८६० मध्ये पाच म्हणजे युद्ध संपताना दहा. दहा-बारा वर्षांची मुले पलटणीत ढोल वाजवत असत, हे तर सर्वमान्य आहे. मग केवळ वयावरून दावा फेटाळणे योग्य कसे?

दप्तरबंद

@शंकेखोर, मुद्दा रास्त आहे. जॉनी क्लेम नावाचा मुलगा चिकामॉगाच्या लढाईत होता तेव्हा बारा वर्षांचा होता. परंतु विल्यम्स यांनी आपण ढोलवाले होतो असे कधीही म्हटले नाही. बाविशी गाठलेला तरुण म्हणून आपण सैन्यात होतो, असे ते सांगत. वयाचा आकडा खोटा ठरला की त्या आकड्यावर उभी केलेली हकीकतही उभी राहत नाही. दहा वर्षांच्या मुलाकडे ब्रिगेडच्या दाणावैरणीचा कारभार कोणी सोपवला नसता.

विमागणित

मी आयुर्विमा क्षेत्रात हयात घालवली, म्हणून आकड्यांच्या बाजूने लिहितो. या प्रकरणाचा निकाल जनगणनेची एकही नोंद न पाहता लावता येतो, असे मला वाटते.

उत्तरेच्या सैन्यात वीस लाखांहून अधिक माणसे होती. दक्षिणेच्या सैन्याचे अंदाज साडेसात लाख ते दहा लाख असे वेगवेगळे आहेत. म्हणजे उत्तरेकडे माणसे दुपटीहून अधिक होती. आता १९५६ पाहा. २ ऑगस्ट १९५६ रोजी मिनेसोटातील डलूथ येथे आल्बर्ट वूल्सन वारले आणि उत्तरेकडचा कोणीही उरला नाही. त्याच दिवशी दक्षिणेकडे मात्र लंडी, सॅलिंग आणि विल्यम्स असे तिघे प्रसिद्ध दावेदार हयात होते. निम्म्याहून लहान सैन्यातून शेवटी तिप्पट माणसे उरतात, आणि तीही युद्धानंतर अधिक गरिबी सोसलेल्या भागातून, हे मृत्युदराच्या कोणत्याही कोष्टकात बसत नाही. एकशेपाच वर्षांच्या पुढे दरवर्षी सुमारे निम्मी माणसे जातात. तिथे दोन-तीन वर्षांचा फरकसुद्धा प्रचंड असतो.

दुसरी गोष्ट ११७ या आकड्याची. ज्यांच्या वयाची काटेकोर पडताळणी झाली आहे अशा पुरुषांमध्ये आजवरचा उच्चांक जपानच्या जिरोएमोन किमुरा यांचा आहे. ते २०१३ मध्ये ११६ वर्षे ५४ दिवसांचे असताना वारले. विल्यम्स यांचे म्हणणे खरे असते, तर ते मानवी इतिहासातील सर्वांत दीर्घायुषी सिद्ध पुरुष ठरले असते. विमा कंपनीतल्या नवशिक्या कारकुनानेही अशा अर्जावर लाल शेरा मारला असता.

गोदाकाठ

विमागणित यांचा प्रतिसाद संग्राह्य आहे. आमच्याकडे पानिपतावरून परत आलेल्या सरदारांचे वंशज इतके भेटतात की, मग तिथे पडले ते कोण, असा प्रश्न पडतो.

ह्यूस्टनकर

मी टेक्सासमध्ये राहतो आणि विल्यम्स प्रकरणात स्थानिक इतिहासप्रेमी मंडळींशी अनेकदा बोललो आहे. त्या काळातील पेन्शनची व्यवस्था समजून घेतल्याशिवाय हे दावे कसे जन्मले हे कळणार नाही.

युद्धात हरलेल्या दक्षिणेच्या सैनिकांना केंद्र सरकारकडून पेन्शन नव्हते. ते ज्या त्या राज्याने आपल्या तिजोरीतून द्यायचे असे. टेक्सासने १८९९ मध्ये तशी योजना आणली. अर्जदार राज्याचा जुना रहिवासी हवा, गरजू हवा आणि त्याने सैन्यात काम केल्याचे सांगणारे साक्षीदार हवेत, असे साधारण स्वरूप होते. १९०० साली ही व्यवस्था ठीक होती, कारण खोटे बोलणाऱ्याला ओळखणारे खरे सैनिक गावोगावी होते. १९३२ मध्ये विल्यम्स यांनी अर्ज केला, तेव्हा महामंदी चालू होती, वृद्धांसाठीचा सामाजिक सुरक्षा कायदा यायला अजून तीन वर्षे होती आणि आक्षेप घेऊ शकणारे साक्षीदार बहुतेक वारले होते. सॅलिंग यांचा व्हर्जिनियातील अर्जही त्याच सुमाराचा, १९३३ चा. ज्या वर्षी पेन्शन हीच घरातील एकमेव रोख रक्कम ठरते, त्या वर्षी सत्तरी-पंच्याहत्तरीच्या माणसाने वयात दहा-बारा वर्षे वाढवली तर मला त्याचा राग येत नाही.

त्या माणसाला वाटले असेल की, दोन-चार वर्षे पेन्शन मिळेल आणि विषय संपेल. तो पुढे सत्तावीस वर्षे जगला, ही खरी अडचण. दरवर्षी इतर दावेदार वारत गेले आणि हा वर सरकत गेला. शेवटी उरला तेव्हा माघार घ्यायला वाटच नव्हती.

शंकेखोर

@ह्यूस्टनकर, सहानुभूती ठीक आहे, परंतु खोट्या प्रतिज्ञापत्रावर सरकारी पैसा घेणे याला गरिबी हे कारण असू शकते, समर्थन नव्हे. त्याच टेक्सासमध्ये तितकेच गरीब असूनही खोटा अर्ज न करणारे हजारो वृद्ध असतीलच की. त्यांच्यासाठी कोणी अंत्ययात्रा काढली नाही.

अभिलेखा

मी ग्रंथालय आणि अभिलेखशास्त्राच्या क्षेत्रात काम करते. मूळ प्रश्नाच्या पहिल्या भागाला, म्हणजे पुराव्याच्या प्रश्नाला, थोडे विस्ताराने उत्तर देते.

येथे दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत. पहिला प्रश्न माणसाचे वय किती, आणि दुसरा तो सैन्यात होता का. वयाच्या प्रश्नासाठी अमेरिकेत दर दहा वर्षांनी होणारी जनगणना आहे. तिच्यात १८५० पासून घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव आणि वय लिहिलेले असते. १९०० च्या जनगणनेत तर जन्माचा महिना आणि वर्षही विचारले होते. १९१० च्या जनगणनेत त्याहून उपयुक्त रकाना होता: ही व्यक्ती उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या भूदलातील वा नौदलातील हयात सैनिक आहे का? ज्या काळात पेन्शनचा किंवा प्रसिद्धीचा मोह नव्हता, त्या काळात माणसाने स्वतःबद्दल काय सांगितले, हे अशा नोंदींतून कळते. १८९० ची जनगणना मात्र १९२१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीमुळे जवळजवळ संपूर्ण नष्ट झाली, त्यामुळे साखळीतील एक महत्त्वाचा दुवा कायमचा निसटला आहे.

सेवेच्या प्रश्नाचे उत्तर अधिक अवघड आहे. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेची राजधानी रिचमंड जळाली आणि बरीच कागदपत्रे गेली. जी वाचली ती पुढे युद्धखात्याने एकत्र करून प्रत्येक सैनिकाच्या नावाने पत्रके बनवली. म्हणून हजेरीपटात नाव नाही एवढ्यावरून कोणी खोटा ठरत नाही. मार्वेल यांच्या कामाचे महत्त्व हे की, त्यांनी केवळ नाव नसल्याचा आधार घेतला नाही. या माणसांची वये दर दशकाच्या जनगणनेत शोधली, तेव्हा बहुतेक जण युद्धाच्या काळात लहान मुले होती आणि एखाददुसरा तर जन्मलाही नव्हता असे दिसून आले.

एक जून

अभिलेखाताई, जनगणनेवर आपण फार विश्वास टाकत आहात, असे नम्रपणे सुचवतो. माझ्या सदस्यनामाचे कारण सांगितले तर मुद्दा लक्षात येईल. आमच्या पिढीत खेड्यापाड्यांतील निम्म्या मुलांचा जन्म गुरुजींनी एक जूनला लावला आहे, कारण शाळेत नाव घालताना तीच तारीख सोयीची होती. माझी आई माझा जन्म पानशेतचे धरण फुटले त्या पावसाळ्यातला सांगते, आणि दाखला त्याच्या पुढच्या वर्षाचा आहे. १८६० मध्ये मिसिसिपीच्या आडगावात दारोदार हिंडणाऱ्या गणकाला शेजाऱ्याने सांगितलेले वय आपण ब्रह्मवाक्य मानणार का? शिवाय जे होअर नावाचे अभ्यासक या शेवटच्या सैनिकांच्या बाजूने उभे राहिलेच होते, तेही मूर्ख नव्हते.

अभिलेखा

@एक जून, आपला आक्षेप योग्य जागी आहे, परंतु येथे तो लागू पडत नाही. गणकाची चूक एक-दोन वर्षांची असते, आणि म्हाताऱ्यांच्या बाबतीत पाच-दहा वर्षांचीही होते. कारण वय जितके मोठे तितका अंदाज ढोबळ. आपल्या दाखल्यातही फरक एका वर्षाचाच आहे. विल्यम्स यांच्या सांगण्यानुसार त्यांचा जन्म नोव्हेंबर १८४२ चा, म्हणजे १८६० मध्ये ते सतरा वर्षांचे. दारात उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मिसरूड फुटलेल्या मुलाला कोणता गणक पाच वर्षांचा लिहील? एकटी नोंद चुकू शकते हे मान्य, म्हणूनच पुढच्या प्रत्येक दशकाच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहतात. होअर यांनी या वृद्धांच्या हकीकती आत्मीयतेने गोळा केल्या, ते काम मोलाचे आहे. परंतु हकीकत गोळा करणे आणि ती पडताळणे ही दोन निराळी कामे आहेत.

थंडगार उत्तर

मी मिनेसोटामध्ये असतो. विमागणित यांनी वूल्सन यांचा उल्लेख केला म्हणून थोडी भर घालतो, कारण अभिलेखा यांनी केलेला वय आणि सेवा हा भेद त्यांच्या बाबतीत अगदी स्वच्छ दिसतो.

वूल्सन वारले तेव्हा त्यांचे वय १०९ असल्याचे सर्वत्र छापून आले. प्रत्यक्षात १८५० च्या जनगणनेत ते काही महिन्यांचे तान्हे बाळ म्हणून नोंदले गेले आहेत, म्हणजे खरे वय १०६. तीन वर्षे वाढीव. परंतु ऑक्टोबर १८६४ मध्ये पहिल्या मिनेसोटा हेवी आर्टिलरीत ढोलवादक म्हणून ते भरती झाले होते, याची कागदपत्रे चोख आहेत. त्यांनी प्रत्यक्ष लढाई पाहिली नाही. तरीही ते उत्तरेच्या सैन्यातील शेवटचे सिद्ध सैनिक आहेत आणि त्यांच्या मृत्यूबरोबरच ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक ही माजी सैनिकांची एके काळी अत्यंत बलाढ्य असलेली संघटना संपुष्टात आली. डलूथमध्ये त्यांचा बसलेल्या स्थितीतील पुतळा आहे आणि तसाच एक गेटिसबर्गच्या रणभूमीवरही आहे.

प्रत्यक्ष लढाईत उतरलेला उत्तरेचा शेवटचा सैनिक कोण असे विचारले, तर उत्तर बदलते. ते जेम्स हार्ड. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे मार्च १९५३ मध्ये ते वारले. म्हणजे 'शेवटचा' हा मान कोणाला जातो, हे आपण प्रश्न कसा विचारतो त्यावर ठरते.

निवृत्त सुभेदार

थंडगार उत्तर यांनी लिहिलेल्या शेवटच्या वाक्याबद्दल सैनिक म्हणून मला आक्षेप आहे. गोळी झाडली तोच सैनिक, ही समजूत फक्त नागरिकांची असते. पलटणीत लांगरी, मोची, न्हावी, खेचरवाला, सगळे एकाच हजेरीपटावर असतात. २०१२ मध्ये वारलेल्या फ्लॉरेन्स ग्रीन या पहिल्या महायुद्धाच्या जगातील शेवटच्या सैनिक मानल्या जातात, आणि त्या ब्रिटिश हवाई दलाच्या भोजनगृहात वाढपी होत्या. गणवेश होता, नाव पटावर होते, विषय संपला.

सॅलिंग यांचा दावा तर असा होता की, त्यांनी बंदुकीच्या दारूसाठी सोरा खणला. दक्षिणेच्या सरकारने सोऱ्यासाठी स्वतंत्र खातेच काढले होते. त्यामुळे काम हलके होते म्हणून त्यांना नाकारू नका. युद्धाच्या वेळी ते पाच-दहा वर्षांचे पोर होते, म्हणून नाकारा.

आणखी एक. गेल्या महायुद्धाआधीच्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. ११० वी मराठा कुतच्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर तिचे जवान तुर्कांच्या कैदेत गेले. ११७ व्या मराठा पलटणीला तिच्या पराक्रमाबद्दल 'रॉयल' हा किताब मिळाला. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी या गावी त्या काळातील शिळा आजही आहे. युरोपातल्या शेवटच्या सैनिकांचे मृत्यू वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले. कुतहून परतलेल्या शेवटच्या मराठा जवानासाठी कोणत्याही राष्ट्राध्यक्षाने दुखवटा जाहीर केला नाही. शेवटचा कोण हे शोधले जाते, ते शोधणाऱ्या देशाला त्याची गरज असते तेव्हाच.

गोदाकाठ

सुभेदारसाहेब, शेवटच्या वाक्याला सलाम. मात्र 'गेल्या महायुद्धाआधीचे महायुद्ध' हे वाचताना आम्हां नागरिकांना बोटे मोजावी लागली.

वऱ्हाडी वाणी

सुभेदारसाहेबांनी जे म्हटले त्याचाच पुढचा भाग असा की, १९५९ मध्ये अमेरिकेला विल्यम्स यांची गरज होती. यादवी युद्धाची शताब्दी १८६१ ते १८६५ च्या हिशेबाने १९६१ मध्ये सुरू होणार होती आणि तिच्यासाठी १९५७ मध्येच केंद्रीय आयोग नेमला गेला होता. १९५६ मध्ये हयात सैनिकांच्या सन्मानार्थ सुवर्णपदके द्यायचे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ठरवले. १९५८ च्या कायद्याने दक्षिणेच्या सैनिकांनाही उत्तरेच्या सैनिकांप्रमाणे केंद्राचे पेन्शन लागू झाले. ते वर्ष लक्षात घ्या. आदल्याच वर्षी दक्षिणेतील लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळावा म्हणून आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावे लागले होते. दक्षिणेला दुखावलेले वाटत असताना तिच्या वृद्ध सैनिकाचा गौरव करणे राजकीयदृष्ट्या सोयीचे होते. पेन्शन देऊन कायदा उपकार करू शकतो, परंतु कायद्याने कोणी सैनिक होत नाही.

दप्तरबंद

@वऱ्हाडी वाणी, कायद्याने सैनिक ठरल्याचे याहून जुने उदाहरण आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचे शेवटचे पेन्शनर डॅनियल बेकमन हे १८६९ मध्ये वारले. त्यांच्याकडे सेवेचा कागद नव्हता, म्हणून नेहमीच्या नियमाने पेन्शन मिळेना. १८६७ मध्ये काँग्रेसने खास कायदा करून त्यांना वर्षाला ५०० डॉलर मंजूर केले. तेव्हापासून काही याद्यांत 'शेवटचे सैनिक' म्हणून बेकमन यांचे नाव असते, तर काटेकोर याद्यांत १८६६ मध्ये वारलेल्या लेम्युएल कुक किंवा १८६७ मध्ये वारलेल्या सॅम्युएल डाऊनिंग यांचे. म्हणजे यादवी युद्धाच्या शेवटच्या सैनिकांचा वाद सुरू होण्याच्या नव्वद वर्षे आधी हाच वाद एकदा होऊन गेला होता आणि त्यातून कोणीही काही शिकले नाही.

मोगरा

सगळी चर्चा वाचली. एक बाजू कोणीच मांडली नाही याचे आश्चर्य वाटले. अभिलेखाताईंनी 'प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव' असे अचूक लिहिले, पण त्यातील 'स्वतंत्र' या अटीचा परिणाम काय झाला?

१८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी पत्रके होती आणि त्यांवर मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण लिहिलेला असे. बहुतांश गुलामांची नावे केंद्राच्या कागदावर पहिल्यांदा येतात ती १८७० मध्ये. उत्तरेच्या सैन्यात कृष्णवर्णीय पलटणींतून सुमारे १ लाख ७९ हजार माणसे लढली आणि त्यांतील मोठा भाग पूर्वी गुलाम असलेल्यांचा होता. लुईझियानातील मळ्यावर गुलाम म्हणून जन्मलेले जोसेफ क्लोव्हीस १९४९ मध्ये इंडियानापोलिस येथे भरलेल्या उत्तरेच्या माजी सैनिकांच्या शेवटच्या मेळाव्याला आलेल्या सहा जणांपैकी एक होते. ते १९५१ मध्ये वारले. त्यांची सेवा नोंदलेली होती म्हणून त्यांना मान मिळाला.

याउलट मिसिसिपीचे सिल्व्हेस्टर मगी. आपला जन्म १८४१ चा, आपण गुलाम होतो आणि युद्धातही होतो, असे ते सांगत. ते १९७१ मध्ये वारले. त्यांचा १३० वर्षांचा दावा मला स्वतःला मुळीच पटत नाही, आणि विमागणित यांच्या कोष्टकानेही तो बादच होतो. परंतु एकाच्या बालपणाची नोंद नावासकट सापडते म्हणून त्याचा खोटेपणा सिद्ध होतो, आणि दुसऱ्याची नोंद मुळात माणूस म्हणून केलीच नाही म्हणून त्याला काहीच सिद्ध करता येत नाही, हा फरक दिसला पाहिजे. विल्यम्स यांना पुरावा नसताना दुखवटा मिळाला. मगी यांना पुरावा नसल्यामुळे तसा दुखवटा मिळाला नाही. एकच उणीव आणि दोन निकाल.

अभिलेखा

मोगरा, हा प्रतिसाद या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा आहे. कागदाअभावी दावा सिद्ध होत नाही, असे आपण म्हणतो तेव्हा कागद कोणी आणि कोणाचा ठेवला, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

विमागणित

सहमत. माझे कोष्टक १३० चा आकडा नाकारते. मगी प्रत्यक्षात किती वर्षांचे होते आणि त्यांच्या हकीकतीतील किती भाग वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला होता, याबद्दल कोष्टक काहीच सांगत नाही.

मांजराकाठ

विषयांतर वाटेल, पण मराठवाड्याच्या माणसाला हे सारे वाचताना बीडची आठवण होणारच. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतल्याचे सांगून स्वातंत्र्यसैनिकांचे पेन्शन घेणाऱ्यांत बनावट लोक शिरल्याची तक्रार झाली, उच्च न्यायालयाच्या आदेशाने निवृत्त न्यायमूर्ती पालकर यांच्याकडून चौकशी झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २००५ मध्ये निकाल लागला. फसवणुकीने मिळवलेला लाभ टिकू शकत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. तिथेही गाभा तोच होता: भूमिगत चळवळीची हजेरीपुस्तके नसतात, म्हणून एका मान्यताप्राप्त सैनिकाने दुसऱ्याच्या सहभागाचे प्रमाणपत्र द्यायचे, आणि मग त्या प्रमाणपत्रांचाच बाजार भरतो. टेक्सासचे दोन साक्षीदार आणि आमच्याकडची प्रमाणपत्रे यांत मला तरी अंतर दिसत नाही.

यात भरडले गेले ते खरे. आमच्या गावातील एका वृद्ध सत्याग्रहींनी त्या गदारोळानंतर ध्वजवंदनाला जाणेच सोडले, कारण लोक त्यांच्याकडेही संशयाने पाहू लागले होते.

एक जून

@मांजराकाठ, विषयांतर मुळीच नाही. खोट्या दाव्याचे नुकसान सरकारी तिजोरीपेक्षा शेजारच्या खऱ्या माणसाला अधिक होते, हे पटले. प्लेझंट क्रंप यांचेही तसेच झाले ना? एप्रिल १८६५ मध्ये ॲपोमॅटॉक्स येथील दक्षिणेच्या सैन्याच्या शरणागतीला दहाव्या अलाबामा पलटणीचा हा शिपाई हजर होता आणि तरी मेला तेव्हा तो 'शेवटच्या काहींपैकी एक' एवढाच होता, कारण रांगेत त्याच्यापुढे डझनभर बनावट म्हातारे उभे होते.

ह्यूस्टनकर

हे युद्ध आपल्याला वाटते तितके जुने नाही, हेही लक्षात घ्यावे. उत्तर कॅरोलिनातील आयरीन ट्रिपलेट या बाई त्यांच्या वडिलांच्या यादवी युद्धातील सेवेबद्दल दरमहा ७३ डॉलर १३ सेंट पेन्शन घेत होत्या आणि त्या वारल्या ३१ मे २०२० रोजी. वडील आधी दक्षिणेच्या सैन्यात होते, तेथून पळाले आणि उत्तरेच्या सैन्यात गेले. चुकीच्या बाजूला राहिले असते, तर केंद्राचा हा पैसा घरी आला नसता.

गोदाकाठ

म्हणजे पक्षांतर वेळेवर केले तर त्याचा लाभ पुढच्या शतकापर्यंत मिळतो. आपल्याकडील काही मंडळींना हे आधीपासूनच ठाऊक आहे.

शंकेखोर

हास्यविनोद झाला, आता मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येऊ. लबाड कोण? मी अजूनही माझ्या मतावर ठाम आहे. विल्यम्स यांनी अर्ज स्वतः केला होता. ब्रिडवेल यांची बातमी आली तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते, तेव्हा त्यांच्याकडून कबुलीची अपेक्षा करणे क्रूर ठरले असते. परंतु १९३२ मध्ये ते शुद्धीवर होते.

दप्तरबंद

@शंकेखोर, १९३२ च्या अर्जाची जबाबदारी त्यांचीच, हे मी मान्य करतो. मात्र १९५९ चा दुखवटा त्यांनी मागितला नव्हता. बातमी छापून आल्यावरही ज्यांनी तो जाहीर केला, त्यांच्याकडे राष्ट्रीय अभिलेखागार होते, जनगणनेची मूळ पत्रके होती आणि तपासायला तीन महिन्यांहून अधिक वेळ होता. वृद्ध माणसाच्या खोट्यापेक्षा सरकारने न तपासणे मला अधिक गंभीर वाटते.

पुराव्याबाबत या चर्चेतून माझ्यापुरते इतके ठरले: वय आणि सेवा यांची छाननी वेगवेगळी करावी. मोह निर्माण होण्याआधीच्या नोंदीला नंतरच्या नोंदीपेक्षा जास्त वजन द्यावे. आणि यादी करताना 'शेवटचा' न लिहिता 'कागदपत्रांनी सिद्ध झालेला शेवटचा' असे लिहावे, म्हणजे मोगरा यांनी दाखवलेली रिकामी जागा तरी मोकळी राहील.

निवृत्त सुभेदार

तिसऱ्या मुद्द्याला अनुमोदन. क्रंप यांच्या नावापुढे तसेच लिहावे. वूल्सन यांच्या नावापुढे वय १०६ लिहावे, आणि हुद्दा 'ढोलवादक' असाच ठेवावा, त्यात कमीपणा नाही.

थंडगार उत्तर

वूल्सन यांची रोजनिशी किंवा पत्रव्यवहार कोणी वाचला आहे का? पुढच्या उन्हाळ्यात डलूथला जाणे होणार आहे. तिथल्या संग्रहात काय पाहण्याजोगे आहे, हे अभिलेखा यांनी सांगितल्यास बरे होईल.

अभिलेखा

प्रथम पलटणीची हजेरीपत्रके पाहा, मग १८५० च्या जनगणनेचे पान. दोन्हींच्या प्रती घेतल्या तर येथे लावा, तीन वर्षांचा फरक नेमका कोणत्या दशकात शिरला ते आपण दशकागणिक शोधू.